रूमवरचे खर्च, वाटण्या आणि हिशोबाची वही : तुमचे अनुभव सांगा

ओसरी
लेक जूनपासून बेंगळुरूला आहे, तीन मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये. काल रात्री फोनवर अगदी रडकुंडीला आली होती. "आई, मी दूध पीतच नाही, तर दुधाचे पैसे मी का द्यायचे?" तिला काय सांगावं ते सुचेना. फोन ठेवला आणि माळ्यावरची ट्रंक काढली.

१९९९, कर्वेनगर. दोन खोल्या, चौघी जणी. बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात प्रत्येकीने १ तारखेला ५०० टाकायचे आणि दोनशे पानी वहीत स्वतःच्या हाताने मांडायचं, हा ताईने घातलेला नियम. ताई म्हणजे आमच्यात मोठी, डेक्कनला एका ऑफिसात नोकरीला. बाकी आम्ही तिघी शिकणाऱ्या. ३० तारखेला भेळ करून वही घेऊन बसायचं. रॉकेल, वाण्याचं बिल, कामवाल्या मावशी, खराटा, सगळं त्यात आहे. एका पानावर 'काडेपेटी ०.५०' सुद्धा.

आमच्यातली एक मंगळवेढ्याकडची. तिची मनीऑर्डर कधी ८ला यायची, कधी १५ला. तोवर तिच्या नावापुढे 'नंतर' लिहायचं. काल रात्री पानं उलटताना ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे तीन महिने दिसले. 'नंतर' खोडलंय, पुढे 'मिळाले ५००'. पण अक्षर तिचं नाही. ५ची शेपटी अशी लांब खाली ओढलेली, ते ताईचं अक्षर. त्या वर्षी मंगळवेढेकरणीच्या वडिलांचं उसाचं बिल अडकलं होतं, एवढं कानावर होतं. आणि त्याच दिवसांत ताई बस सोडून डेक्कनपर्यंत चालत जायला लागली होती. "वजन वाढलंय गं," म्हणायची. आम्ही तिला त्यावरून चिडवायचोसुद्धा.

२५ वर्षं ती वही माझ्याकडे आहे आणि हे मला काल दिसलं. रात्रभर झोप नाही.

तुम्हीही रूमवर राहिला असाल. कसे मांडायचात हिशोब? काय चुकलं, काय जमलं? लिहा. लेकीलाही वाचायला देणार आहे.

रानवारा
दूधच! आमच्याकडेही भांडणाची सुरुवात दुधानेच. सदाशिव पेठ, कॉट बेसिस, एका खोलीत सहा कॉट, सगळे एमपीएससीवाले. जेवण मेसला, त्यामुळे मोठा खर्च वाटायचा नसायचाच. पण रविवारी संध्याकाळी मेस बंद. दुपारी फीस्ट हाणलेली असली तरी आठ वाजले की पोटात कावळे. मग वर्गणी काढून खिचडी, मालकांच्या नकळत कॉइलवर. कॉइल माझी होती, म्हणून माझी वर्गणी माफ.
मेसच्या खाड्यांचा हिशोब मात्र आम्ही सगळे पाठ ठेवायचो. आदल्या दिवशी सांगितलं तरच खाडा धरायचे. गावाला जाताना एसटीत बसल्यावर आठवायचं, अरे खाडा सांगायचा राहिला. त्या दोन जेवणांची हळहळ स्वारगेट ते फलटण पुरायची.

सांजवात
ओसरीताई, डोळ्यांत पाणी आलं. कुकर लावून वाचत होते, शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

भरतीओहोटी
फोंडा, चार शिक्षक, सगळे सडेफटिंग. आमचं बजेट मासळीवर. पाटीवाली दारात यायची, जो घरात असेल त्याने घ्यायची आणि कॅलेंडरवर लिहायचं. १ जूनला मासेमारी बंद झाली की दोन महिने भाव डोळे पांढरे करणारे. म्हणून मे महिन्यात जादा वर्गणी काढून पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, करायचो. सुके बांगडे, सुंगटं, सोलं, एक बरणी लोणचं. पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं, जुलैभर बटाटा खाल्ला.

कोल्हापुरी_साज
बटाटा!! 😄 आमच्यात दोघे माळकरी आणि आम्ही तिघे तांबडा-पांढरावाले. कढई वेगळी, उलथनं वेगळं, तेल एकच. तेलाचे पैसे समान का, यावर एक महिना अबोला. शेवटी माळकऱ्यांपैकी एकाच्या आईने गावाहून घाण्याचा पाच लिटरचा डबा पाठवला आणि सांगितलं, सगळ्यांनी खा. विषय संपला. त्या माउलीला मी अजून दिवाळीला फोन करतो.

वायरमन
लाइट बिलाबद्दल लिहितो, कारण आजच्या पोरांची भांडणं तिथे जास्त होतात. एका खोलीत एसी आला की समान वाटणी चालत नाही, आणि नुसतं 'एसीवाल्याने जास्त द्यावं' म्हणूनही भागत नाही. आपल्याकडे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. आमची चौघांची मिळून साधारण २६० युनिट व्हायची. एसी बसला आणि मे महिन्यात ४१०. म्हणजे ३०० च्या वरची ११० युनिट महागड्या दराची, आणि ती एसीमुळे. समान वाटलं असतं तर पंख्यावर झोपणाऱ्यालाही चढा दर लागला असता.
आम्ही काय केलं, त्या खोलीला सबमीटर बसवला. स्थिर आकार चौघांत सारखा. आधी बाकीच्यांची युनिट खालच्या टप्प्यांत धरायची, एसीची वरच्या टप्प्यांत. वीज शुल्क ज्याच्या त्याच्या रकमेवर. पहिल्या महिन्यात कागदावर अर्धा तास गेला, पुढे पाच मिनिटांत व्हायचं. एसीवाला मित्र स्वतःच म्हणाला, आता कसं मोकळेपणाने लावता येतो, कोणी बटणाकडे बघत नाही.

रानवारा
वायरमन, हे आमच्या मालकांना कळलं असतं तर कॉइल पहिल्याच आठवड्यात सापडली असती.

पिंपळपान
माझे आजोबा रत्नागिरीकडचे, गिरणीत. लालबागला गावकऱ्यांची खोली होती, बॅचलर रूमच म्हणा की. एवढीशी खोली, वीस-बावीस माणसं. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून जागा पुरायची. एक झोपून उठला की दुसरा टेकायचा. प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीला एक खुंटी. खोली गावच्या मंडळाची, महिन्याला वर्गणी, आणि एका रविवारी सगळ्यांसमोर जमाखर्च मोठ्याने वाचायचा. आजोबांना लिहिता यायचं, म्हणून कीर्द त्यांच्याकडे.
जेवण खाणावळीत. ती चालवणारी बाई पगाराच्या दिवसापर्यंत थांबायची. या बायका स्वतः वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत पिचायच्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून.
१९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. हळूहळू माणसं गावी गेली. आजोबा सांगायचे, कीर्दीत नावं तशीच ठेवली, वर्गणीच्या रकान्यात फक्त 'गावी' लिहीत गेले. नाव खोडलं की माणसाची खुंटी जाते, म्हणून. धाग्यातलं 'नंतर' वाचलं आणि ते 'गावी' आठवलं.

सांजवात
पिंपळपान, यावर वेगळं लिहा ना. आजोबांची ती कीर्द आहे का अजून?

पिंपळपान
नाही हो. २००५ च्या जुलैच्या पावसात गेली, ट्रंकेसकट.

मुसाफिर_स्टुटगार्ट
इकडे जर्मनीत शेअर फ्लॅटला 'वेगे' म्हणतात. कोण कधी बाथरूम घासणार याचा तक्ता फ्रिजवर. रेडिओ-टीव्हीची फी घरटी एकच, महिना १८.३६ युरो, मग घरात कितीही जण असोत. ती ज्याच्या नावावर असेल त्याने वसूल करत फिरायचं.
खरा दणका पाणी-हीटिंगच्या वार्षिक हिशोबाचा. तो वर्ष संपल्यानंतर बारा महिन्यांपर्यंत केव्हाही येऊ शकतो. आमच्याकडे आला तेव्हा चौघांतले दोघे घर सोडून गेलेले, आणि ४०० युरो जादा. एकाने लगेच पाठवले, दुसऱ्याने फोनच उचलला नाही. तेव्हापासून नियम केला, निघणाऱ्याच्या डिपॉझिटमधले थोडे पैसे त्या हिशोबापर्यंत मागे ठेवायचे. नवीन येणाऱ्या मराठी मुलांना मी हे पहिल्या दिवशीच सांगतो.
एक गोड आठवण. पाण्या-कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्या परत केल्या की २५ सेंट मिळतात. आम्ही वर्षभर बाल्कनीत गोण्या भरायचो, ऑक्टोबरमध्ये विकायच्या आणि त्या पैशांतून चकलीची भाजणी. घानाचा रूममेट गोण्या वाहायला सगळ्यांत पुढे. त्याला चकली म्हणजे जीव की प्राण.

चिमणचारा
अॅपबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? आम्ही स्प्लिटवाइजवर टाकतो, यूपीआयने देतो. वही-बिही नाही. पण एक गंमत, त्या अॅपमध्ये 'कर्ज सोपं करा' असं एक बटण आहे. मी अ ला देणं लागते, अ ही क ला लागते, तर अॅप सांगतं की मी थेट क ला द्यावे. माझं आणि क चं तेव्हा बोलणं बंद होतं. तिला ३४० रुपये गेले, तर तिला वाटलं मी माफी मागतेय. तिने चहा टाकला. मीही काही बोलले नाही, प्यायले. 😊
ओसरीकाकू, दुधाचं सांगते. आमचं चहाचं दूध सगळ्यांचं, प्यायचं दूध ज्याचं त्याचं. दोन वेगळ्या पिशव्या, एकीला रबरबँड.

अबोली
मी जरा कडू लिहिणार आहे. भाडेकरार माझ्या एकटीच्या नावावर होता, कारण बाकी दोघी "नंतर सही करू" म्हणाल्या. त्यांपैकी एक दोन महिन्यांचं भाडं आणि बिल न देता एका रात्रीत निघून गेली. घरमालकांनी डिपॉझिटमधून कापलं ते माझं. तेव्हा पगार १८ हजार. सहा महिने घरी कळू दिलं नाही, भावाच्या लग्नात सोनं घ्यायचं कबूल केलं होतं ते राहिलं. मुलींनो, करारावर राहणाऱ्या प्रत्येकीचं नाव घालाच. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे आणि ऑनलाइन होते, एजंट घरी येऊन अंगठे घेतो. अर्ध्या तासाचं काम. मैत्री आहे म्हणून ते टाळू नका.

सांजवात
अबोली, वाईट वाटलं गं. घरी कळलं का नंतर?

अबोली
वहिनीला कळलं. तिने कोणालाही सांगितलं नाही. सोनं दोन वर्षांनी घेतलं.

आयटीवाला_हिंजवडी
मार्च २०२०. सहा जणांचा फ्लॅट, चौघे गुढीपाडव्याला म्हणून गावी गेले आणि तिकडेच अडकले. मी आणि एक लातूरकर. एप्रिलमध्ये ग्रुपवर मेसेज, आम्ही राहत नाही तर भाडं का? त्यांचंही बरोबर, दोघांची नोकरी गेली होती. पण मालकांचा हप्ता त्याच भाड्यावर. तीन दिवस नुसते मेसेज. शेवटी लातूरकराने सगळ्यांना एकाच कॉलवर घेतलं आणि म्हणाला, आधी मावशींच्या पगाराचं ठरवा, मग भाड्याचं. पोळ्या करणाऱ्या मावशी येऊ शकत नव्हत्या, त्यांना कोण देणार? त्यावर कोणी हूं की चूं केलं नाही. सहाही जणांनी पूर्ण दिले, तीन महिने. एकदा ते झाल्यावर भाड्याचंही पटकन मिटलं, नोकरी गेलेल्या दोघांचं आम्ही चौघांनी उचललं. मालकांनीही थोडं कमी केलं.
मावशी जूनमध्ये आल्या त्या डबाभर धपाटे घेऊनच.

कोल्हापुरी_साज
धपाट्यांबरोबर दही होतं की ठेचा?

आयटीवाला_हिंजवडी
दोन्ही. लातूरकर रडला, मी रडलो.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा लेकीला पाठवला. रबरबँडवाली पिशवी त्यांनी आजपासून सुरू केलीय, चिमणचारा, तुला खास थँक्यू सांगितलंय.

आज धीर करून ताईला फोन केला. नाशिकला असते, रिटायर झाली. वहीचं सांगितलं तर म्हणाली, "अगं, ती वही अजून आहे? माझ्या कोथिंबीरवडीची कृती आहे बघ शेवटच्या पानावर." मी त्या तीन महिन्यांचं विचारलं तर जरा गप्प झाली. मग म्हणाली, तिला नोकरी लागल्यावर ती द्यायला आली होती, मी घेतले नाहीत.

दरवर्षी शिमग्याच्या सुमाराला मंगळवेढ्याहून ताईकडे ज्वारीचं पोतं येतं. मालदांडी. ताईकडे गेले की मीही त्याच्या भाकरी खाल्ल्यात. मला वाटायचं, ताई विकत मागवते.

कृती शेवटच्या पानावर आहे. ५ची शेपटी तिथेही तशीच.

भरतीओहोटी
कृती टाका लवकर.

पिंपळपान
मालदांडी पुण्यात कुठे खात्रीची मिळेल? मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मानांकन आहे, पण दुकानात त्या नावाखाली काय देतात ते कळत नाही. आईला आता फक्त भाकरी चालते.

ओसरी
पिंपळपान, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. मैत्रिणीलाच विचारते, या खेपेला दोन पोती पाठवेल. कृती संध्याकाळी टाइप करते, आत्ता पाणी जायची वेळ झालीय.