जुनं घर, हिवाळा-पावसाळा आणि घरच्या घरी केलेल्या दुरुस्त्या: तुमचे अनुभव

उंबरठा (धागाकर्ती)

ऑक्टोबर लागला की इथे मॅसॅच्युसेट्समध्ये जुन्या घरवाल्यांची धांदल उडते. आमचं घर १९२६ सालचं, लाकडी. कारागिरांचे तासाचे दर ऐकले की माणूस आपोआप हातोडा धरायला शिकतो. हिवाळ्याआधी (तुमच्याकडे पावसाळ्याआधी) स्वतःच्या हातानं काय केलंत आणि कशाचा खरंच उपयोग झाला, ते इथे लिहा. यूट्यूबवर सगळं आहे, पण तिथल्या माणसाचं घर कधीच आपल्याइतकं वाकडं नसतं.

सुरुवात मीच करते. आमचा छळ म्हणजे आइस डॅम. छताच्या कडेला बर्फाचे झकास सुळके लोंबतात, येणारे-जाणारे फोटो काढतात, आणि आत बेडरूमच्या सीलिंगला पिवळे डाग पडतात. एका ठेकेदारानं सरळ नवीन छताचं कोटेशन हातात ठेवलं. पण दोष छताचा नव्हताच. घरातली ऊब फटींतून माळ्यावर जाते, छत तापतं, त्यावरचं बर्फ खालून वितळतं. ते पाणी ओघळत वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर, थंडगार, म्हणून तिथे परत गोठतं. मागून येणारं पाणी मग तुंबतं आणि शिंगल्सखालून (छतावरच्या चपट्या पट्ट्यांखालून) आत शिरतं.

तेव्हा आधी फटी. वारं सुटलेलं असताना खिडक्या लावून घेतल्या, स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचा एक्झॉस्ट चालू केला आणि उदबत्ती घेऊन घरभर फिरले. धूर तिरका पळाला की तिथे भोक! मला वाटत होतं खिडक्याच चोर असणार. निघालं ते माळ्याचं झाकण, दिव्यांसाठी पाडलेली भोकं आणि चिमणीभोवतीची बोटभर फट. झाकणाला रबरी पट्टी लावली. चिमणीपाशी साधा फोम अजिबात मारू नका, तिथे पत्र्याची पट्टी आणि आगीला टिकणारं सीलंट लागतं. हे झाल्यावर मग वरून सेल्युलोज, म्हणजे कागदाच्या तंतूंचा ऊब धरणारा थर (इन्सुलेशन). आमच्या भागात माळ्याला आर-४९ ते आर-६० सांगतात (आर म्हणजे थराची ऊब अडवायची ताकद, आकडा जितका मोठा तितकी जास्त). फटी तशाच ठेवून नुसता थर वाढवला तर हवा त्यातूनही वाट काढते.

तळघरातला मामा, टोरंटो

ताई, सेल्युलोज टाकायच्या आधी माळ्यावर जुनं काय पडलंय ते पाहिलंत ना? आमच्याकडे राखाडी-सोनेरी, चकचकीत खडे पसरलेले होते. ते व्हर्मिक्युलाइट, पूर्वी इन्सुलेशनसाठी पसरायचे ते खनिज. अमेरिकेत मोंटानामधल्या लिबीच्या खाणीतून आलेल्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, म्हणजे फुफ्फुसांना घातक तंतू. ती खाण १९९० साली बंद पडली, पण माल अजून लोकांच्या माळ्यावर आहे. झाडू नका, व्हॅक्यूम तर मुळीच नको. आधी तपासून घ्या. हे हौशी माणसाचं काम नव्हे.

नळाचं काम मात्र हौशी माणसाचंच. बागेच्या नळाचा आतला व्हॉल्व्ह बंद करायचा, बाहेरचा नळ उघडून पाणी काढून टाकायचं, आणि होज काढून ठेवायचा. होज तसाच राहिला तर पाणी नळीत अडकून गोठतं, पाइप भिंतीच्या आत फुटतो आणि कळतं ते वसंतात, नळ सोडल्यावर. सिंक बाहेरच्या भिंतीला असेल तर कडाक्याच्या रात्री सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा.

फ्यूज उडाला

दोनच गोष्टी. १९३०-४० च्या आधीच्या अमेरिकन घरात चिनी मातीच्या खुंट्यांवरून गेलेली जुनी वायरिंग असू शकते. ती मोकळ्या हवेतच थंड राहते, तिच्यावर इन्सुलेशन पसरू नका. आणि घर हवाबंद केलंत तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. गॅसचा बंब चिमणीतून धूर सोडणारा असेल तर बाहेरची हवा मिळेनाशी होऊन तो धूर उलटा घरात येऊ शकतो.

लीड्सवाली

इंग्लंडमधलं आमचं व्हिक्टोरियन टेरेस घर, म्हणजे शेजारच्या घरांना भिंतीला भिंत लागून रांगेत असलेलं. भिंती भरीव विटांच्या, मध्ये पोकळी नाही. आमच्या आधीच्या मालकानं विटांमधल्या दर्जा (सांधे) सिमेंटनं भरून ठेवल्या होत्या. दिसायला चकाचक, पण विटेत शिरलेलं पाणी बाहेर पडायला जुन्या चुन्याच्या दर्जांची वाट होती, ती बुजली. मग थंडीत ते पाणी विटेतच गोठतं आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून येतो. परवा हाताने उचलला, शिळ्या पापडासारखा आला. उन्हाळ्यात मी छिन्नी घेऊन बसते, सिमेंट हलक्या हातानं काढते आणि चुना भरते. गोठणाऱ्या थंडीत ओला चुना टिकत नाही, म्हणून सप्टेंबरनंतर काम बंद. आमचे सासरे वाईचे. त्यांनी फोनवर फोटो पाहिला आणि म्हणाले, "अगं, वाड्याच्या भिंती कशा उभ्या आहेत मग? चुनाच की."

दुसरं म्हणजे जमिनीलगत भिंतीत जाळीच्या विटा असतात. तिथून गार वारा येतो म्हणून लोक बोळे कोंबतात. तसं करू नका! लाकडी जमिनीखालची हवा खेळली नाही तर तुळया कुजतात. वारा अडवायचाच तर फळ्यांमधल्या फटी भरा.

खिडकीतून

न्यू जर्सी. जुन्या सॅश खिडक्या (वर-खाली सरकणाऱ्या, चौकटीत दोरीला वजनं टांगलेल्या) बदलू नका, सेल्समन काहीही सांगू दे. आतली दोरी तुटलेली असते, नवी ओवली की वजनं पुन्हा काम करतात. फक्त घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं. पोरंबाळं घरात असताना सँडपेपर मारू नका. रंग ओला करूनच खरवडा.

पागोळी

आमचा हिवाळा जूनमध्ये येतो! गुहागरजवळ आजोबांचं घर. भिंती जांभ्याच्या, वर मंगलोरी कौलं. आम्ही राहतो ठाण्याला, त्यामुळे मे महिना म्हणजे कौलं. पूर्वी नळे (अर्धगोल कौलं) होते तेव्हा दरवर्षी शाकारणी, म्हणजे ती काढून पुन्हा नीट रचणं, लागायची. कौलांना तेवढं नाही, पण वानरांना ते कोण सांगणार? एक टोळी गेली की पाचपंचवीस कौलं सरकलेली असतात.

कौलावर थेट पाय द्यायचा नाही. चार कौलं काढून रिपांवर, खाली वासा असेल तिथेच पाय टेकवायचा आणि पुढे सरकायचं. पाणी जिथे ठिबकतं, फुटकं कौल सहसा त्याच्या वर कुठेतरी असतं, कारण पाणी वाशावरून वाहत खाली येतं. वाशांची टोकं वळचणीला आधी कुजतात. आम्ही तिथे काजूच्या टरफलांचं तेल लावतो. वाळवी फिरकत नाही, पण कातडीला लागलं की भाजतं, हातमोजे घालाच. पडवीच्या पश्चिमेला झडीसाठी माडाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधायचो, आता शेजारी हिरवी जाळी लावतात. जाळीनं वारा अडतो, पाणी नाही. आमचं मत अजून झापांनाच.

उंबरठा (धागाकर्ती)

मामा, पाहिलं. आमच्याकडे जुना कापूस निघाला, खडे नव्हते. पागोळी, वानरांवर काही उपाय?

पागोळी

फटाके, लगोर, कुत्रा, सगळं करून झालं. गावातले म्हणतात पत्रे घाला. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की घरात बोलता येत नाही, म्हणून दरवर्षी जास्तीची कौलं आणून पडवीत रचून ठेवतो.