पुण्यात सिलिअॅक असलेल्या मुलीला बाहेर काय खायला द्यावं?

वऱ्हाडी_आई:
गणपतीत नागपूरहून पुण्याला जातोय, मुक्काम डेक्कनजवळ. मुलगी सात वर्षांची, सिलिअॅक आहे, म्हणजे गहू-जवातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन तिच्या आतड्याला चालत नाही. गहू, मैदा, रवा, जव पूर्ण बंद. झोमॅटोवर 'ग्लूटेन फ्री' टाकलं की बाणेर नाहीतर कोरेगाव पार्कातले कॅफे दिसतात. ते भरवशाचे असतात का, की साध्या मराठी हॉटेलात जास्त जमेल? खोलीत गॅस नाही, फक्त किटली आहे.

वेगळा_तवा:
त्यातले बरेच कॅफे डाएटवाल्यांसाठी असतात, सिलिअॅकसाठी नव्हे. ज्वारीचा पिझ्झा बेस मैद्याच्याच ओट्यावर लाटतात आणि त्याच ओव्हनमध्ये भाजतात. एक ग्रॅम मैद्यात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लूटेन असतं, आणि सिलिअॅकवाल्यानं दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहावं असं सांगतात. म्हणजे ओट्यावरची चिमूटभर भुकटीही जास्तच झाली. तळल्या-भाजल्याने ग्लूटेन जात नाही. आधी फोन करून विचारा, "ओटा, तवा आणि तळणाची कढई वेगळी आहे का?" उत्तर "आमच्यात मैदा नसतोच" असं आलं तर प्रश्न कळलेलाच नाही, पुढचं हॉटेल बघा.

मराठी हॉटेलात जास्त सोय आहे, पण तिथे मुख्य शत्रू हिंग. बाजारातल्या खड्याच्या नसलेल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. वरण, आमटी, सांबार, मठ्ठा, अळूची भाजी, सगळीकडे तोच. "हिंग न घालता फोडणी द्या" हे मागणी नोंदवतानाच सांगायचं. सकाळीच उकळून ठेवलेल्या आमटीचं काही करता येत नाही. त्यापेक्षा साधा भात, तूप, दही घ्या.

भाकरी थापलेली आहे की लाटलेली, ते बघा. लाटलेली, पातळ, पोळीसारखी घडी पडणारी भाकरी आली तर त्यात कणीक असण्याची दाट शक्यता. निव्वळ ज्वारीची भाकरी काठाला चिरते. आणि ती पोळीच्या तव्यावर भाजलेली नको. थालीपीठ नकोच, साध्या भाजणीत गहू असतो.

साबुदाणा_प्रेमी:
एवढं सगळं तपासत बसण्यापेक्षा सरळ उपवासाचे पदार्थ मागवा ना! उपवासाला गहूही चालत नाही, हिंगही नाही. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, काकडीची कोशिंबीर. पुण्यात बऱ्याच मराठी उपाहारगृहांत उपवासाचे पदार्थ रोज मिळतात, एकादशीची वाट बघावी लागत नाही. उपवासाची मिसळसुद्धा मिळते. वेटरला ग्लूटेन समजावण्यात दहा मिनिटं जातात, 'कडक उपास आहे' म्हटलं की काम होतं.

वेगळा_तवा:
कल्पना चांगली, पण दोन ठिकाणी फसते. साबुदाणा वडा जर बटाटावडा, समोसा, पुरी तळलेल्या तेलात निघत असेल तर उपवासाचं नाव असून उपयोग नाही. उपवासाच्या मिसळीतला बटाट्याचा चिवडाही त्याच कढईतला असू शकतो. दुसरं, राजगिरा-शिंगाड्याचं सुटं पीठ गव्हाच्याच गिरणीत दळलेलं असू शकतं. म्हणून खिचडी, वरी, उकडलेली रताळी यावर थांबा. पुरी आणि थालीपीठ टाळा. आणि 'कडक उपास' म्हणून भागवू नका. उपास म्हटलं की शेंगदाण्याचं तेल नि सैंधव मीठ बघतील, कढई कोण बघणार? आजार आहे असंच सांगा.

उडुपी_फॅन:
इडली राहिली. तांदूळ-उडदाची असते आणि वाफेवर होते, तव्याचा संबंध नाही. रवा इडली नाही ना, तेवढं विचारून घ्या. सोबत सांबार नको, चटणी फोडणीशिवाय. डोसा मात्र धोक्याचा. रवा डोसा त्याच तव्यावर होतो, शिवाय कुरकुरीत व्हावा म्हणून पिठात कोणी कोणी रवा घालतं. पोह्यांवर शेव घालूच नका म्हणून सांगा. नागपुरी सवयीने तर्री मागू नका, तिच्या फोडणीत काय आहे ते कळत नाही.

वेळही सांभाळा: दुपारी बाराच्या आत, रात्री साडेसातच्या आत. गर्दीत पळ्या-झारे सगळ्या पदार्थांत फिरतात आणि त्यावर कोणाचं लक्ष नसतं. गणपतीत तर रात्री बोलायलाच नको.

वऱ्हाडी_आई:
खूप मदत झाली. प्रसादाचं काय करायचं? आणि तिने मस्तानीचं नाव ऐकलंय, ती हवीच आहे.

वेगळा_तवा:
तळणीचे मोदक कणकेचे, शिरा रव्याचा, बुंदी बेसनाची पण तेल कोणतं ते माहीत नाही. उकडीचा मोदक तांदळाचा असला तरी पारी फाटू नये म्हणून काही जण उकडीत चमचाभर मैदा घालतात, त्यामुळे विकतचा विचारल्याशिवाय नको. खिरापत, खोबरं, केळं, खडीसाखर बिनधास्त द्या. मस्तानी म्हणजे दूध, फळांचा गर आणि आइस्क्रीम. आंब्याची घ्या, वर बिस्किट-केकचे तुकडे नकोत, आणि आइस्क्रीम काढायचा चमचा धुऊन घ्यायला सांगा. भाकरवडी आणि श्रुसबेरी बिस्किटं दोन्ही तिच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा.

किटली आहे तर घरून भाजलेल्या पातळ पोह्यांचं झटपट उपमा मिश्रण न्या, उकळतं पाणी घालून झाकलं की होतं. पातळ पोह्यांचा चिवडा आणि शेंगदाणा चिक्कीही असू द्या. हॉटेलातल्या नाश्त्याला कॉर्नफ्लेक्स देऊ नका, बऱ्याच ब्रँडमध्ये जवाचं माल्ट असतं. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीही नकोत. पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम ग्लूटेन आहे. 'लो ग्लूटेन' म्हणजे २० ते १००, ते तिच्यासाठी नाही.

हे कागदावर लिहून थेट स्वयंपाकघरात पाठवा, हिंदीतही एक प्रत ठेवा, कारण आत मराठी वाचणारे असतीलच असं नाही:

"मुलीला आजार आहे. गहू, कणीक, मैदा, रवा, शेवया, ब्रेड, जव, सोया सॉस, हिंग यातलं काहीही थोडंसुद्धा चालत नाही. कृपया धुतलेली कढई, धुतलेला झारा आणि नवीन तेल वापरा. शंका असेल तर पदार्थ देऊ नका, आम्हाला सांगा."