मदत हवी आहे: बाबांचा कॉम्प्युटर रोज ठरलेल्या वेळी आपोआप चालू आणि बंद कसा करायचा?

नमस्कार मंडळी, तांत्रिक बाबतीत जरा मदत हवी आहे. मी पुण्यात असते, आई-बाबा सांगलीला. त्यांच्याकडे जुना असेम्बल केलेला डेस्कटॉप आहे, चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, गिगाबाईटचा एच८१ मदरबोर्ड, विंडोज १०. (अकरा त्यावर चालत नाही आणि दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे माहितेय, तो वेगळा विषय, कृपया त्यावर भांडू नका.) संध्याकाळी माझी बहीण जर्मनीहून व्हिडिओ कॉल करते. पूर्वी स्काईप होतं, ते २०२५ च्या मे मध्ये बंद झाल्यापासून व्हॉट्सअ‍ॅपचं डेस्कटॉप अ‍ॅप टाकून दिलंय. मोबाईलवर का नाही असं विचाराल तर बाबांना मोठा स्क्रीन लागतो आणि फोन हातात धरून अर्धा तास बसणं आईला जमत नाही.

अडचण अशी की सीपीयू टेबलाखाली पार आत आहे, बाबांची कंबर गेलेली, वाकून ते बटण दाबायचं म्हणजे रोज शेजारच्या मुलाला हाक मारायची. टेबलावर ठेवायला जागा नाही, प्रिंटर आहे, आणि तो हलवायचा म्हटलं की महाभारत. म्हणून मला असं हवंय की संध्याकाळी ७ ला कॉम्प्युटर आपला आपण चालू व्हावा आणि रात्री १० ला बंद व्हावा.

बंद व्हायचं जमलंय. टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं करवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम) टास्क केला, प्रोग्रॅम शटडाऊन, आर्ग्युमेंट स्लॅश एस स्लॅश टी ३००, म्हणजे पाच मिनिटं आधी सूचना येते आणि मग बंद. चालू होण्यासाठी दुसरा टास्क केला, त्यात कंडिशन्समध्ये "वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क" ला टिक केलं. तर काय होतं, स्लीपमध्ये ठेवला तर उठतो पण दोन मिनिटांत परत झोपतो, आणि शटडाऊन केला असेल तर मुळी उठतच नाही. काय चुकतंय? एखादं सॉफ्टवेअर आहे का याच्यासाठी?

—

प्रतिसाद:
सॉफ्टवेअर शोधू नका. शटडाऊन झाल्यावर विंडोज चालूच नसतं तर त्याचा टास्क कोण चालवणार? तुम्ही टिक केलेला वेक टायमर स्लीप किंवा हायबरनेटमधून (चालू काम डिस्कवर लिहून बंद होणं) उठवण्यापुरता. पूर्ण बंद मशीन चालू करायचं तर मदरबोर्डच्या घड्याळाला सांगावं लागतं, ते बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं स्वतःचं सेटिंग). गिगाबाईटच्या त्या काळच्या बोर्डांवर पॉवर मॅनेजमेंट नावाच्या टॅबमध्ये "रिझ्युम बाय अलार्म" असतं. ते एनेबल करा, दिवस रोजचा ठेवा, तास १९, मिनिट ०. त्याच पानावर ईआरपी (वीज बचतीचं सेटिंग) असेल ते डिसेबल पाहिजे, नाहीतर बंद असताना बोर्ड इतकी कमी वीज घेतो की अलार्मच वाजत नाही. आणि विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यात शटडाऊन म्हणजे खरं शटडाऊन नसतंच, निम्मं हायबरनेट असतं.

—

प्रतिसाद:
दोन मिनिटांत परत झोपायचं कारण मी सांगतो, मी यात डोकं फोडून घेतलेलं आहे. टायमरने मशीन उठलं आणि कुणी कीबोर्ड-माऊसला हात लावला नाही तर विंडोज समजतं की समोर माणूस नाही, त्याच्यासाठी वेगळा टाइमआऊट असतो, "सिस्टिम अनअटेंडेड स्लीप टाइमआऊट", तो मुळात २ मिनिटांचाच आहे आणि पॉवर ऑप्शन्समध्ये लपवून ठेवलेला आहे, रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगांची आतली नोंदवही) किंवा पॉवरसीएफजी कमांडने आधी दिसता करावा लागतो मग वाढवता येतो. तुम्ही नेहमीचा स्लीप टाइम कितीही वाढवा, फरक पडणार नाही. कुठले टायमर लागलेत ते बघायला अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश वेकटायमर्स. मागच्या वेळी कशाने उठला ते स्लॅश लास्टवेकने कळतं.

—

प्रतिसाद:
लिनक्स टाका, आरटीसीवेक म्हणून कमांड आहे, एका ओळीत काम, बंद करतानाच परत कधी उठायचं ते सांगून टाकायचं.

—

प्रतिसाद:
आलेच हे! :) सत्तरी ओलांडलेल्या माणसाला लिनक्स कशाला. आणि त्यात एक मेख आहे ती तरी सांगा की, लिनक्स बहुतेक वेळा मदरबोर्डचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवतं, विंडोज स्थानिक वेळेवर. दोन्ही टाकलेली असतील तर साडेपाच तासांचा घोळ होतो. बायोसमध्ये संध्याकाळचे ७ लावायचे आणि पठ्ठ्या उठणार रात्री साडेबाराला. ताई, तुमच्याकडे फक्त विंडोज आहे ना, मग ही काळजी नाही.

बाकी हा विषय बघून जुने दिवस आठवले. बीएसएनएलच्या होम ५०० प्लॅनमध्ये रात्री २ ते ८ डाऊनलोड फुकट असायचं, तेव्हा अर्धी हौशी जनता बायोसमध्ये २ चा अलार्म लावून झोपायची आणि पावणेआठला शटडाऊनचा टास्क. सकाळी उठून बघावं तर लाईन डिस्कनेक्ट झालेली आणि रात्रभर सीपीयू नुसता घरघरतोय.

—

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. वीकेंडला सांगलीला आले होते तेव्हा बायोसमध्ये गेले, रिझ्युम बाय अलार्म होतं, लावलं, ईआरपी बंदच होतं, फास्ट स्टार्टअप काढलं. समोर बसून चाचणी घेतली, पाच मिनिटं पुढची वेळ टाकून शटडाऊन केला, बरोब्बर चालू झाला! बाबा खूश. पण सोमवारी संध्याकाळी फोन, चालू झाला नाही. मंगळवारी पण नाही. आता मी पुण्यात, कॉम्प्युटर तिकडे. मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल गेला असेल का?

—

प्रतिसाद:
सेल गेला असता तर तारीख-वेळ चुकली असती, ब्राउझरमध्ये प्रत्येक साइटला सर्टिफिकेटची बोंब आली असती. तसं नसेल तर एक विचारतो, बाबा रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करतात का?

—

धागाकर्ती:
करतात की! कॉम्प्युटरचंच काय, टीव्हीचं, मिक्सरचं, चार्जरचं, झोपायच्या आधी घरभर फिरून सगळी बटणं बंद. ते बंद करू नका म्हटलं तर आपला पुढचा महिना त्यावर व्याख्यान ऐकण्यात जाणार.

—

प्रतिसाद:
मग तेच. अलार्म वाजला तरी मशीन चालू करायला एसएमपीएसमधून (सीपीयूतला वीज पुरवणारा डबा) ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा लागतो, तो बटण बंद केलं की गेला. सेलवर घड्याळ फक्त चालतं, कॉम्प्युटर चालू होत नाही. गिगाबाईटच्या मॅन्युअलमध्ये पण लिहिलेलं असतं की हे वापरताना वीज काढू नका. बाबांना पटवायचं असेल तर हिशोब सांगा, बंद अवस्थेत दोन-तीन वॅट धरले तरी महिन्याला दोन युनिटच्या आसपास, त्याहून जास्त नाही.

—

प्रतिसाद:
कशाला पटवताय, उलट त्यांच्या सवयीचाच उपयोग करा. त्याच पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये "एसी बॅक" म्हणून ऑप्शन आहे, इतर कंपन्यांच्या बोर्डांवर "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" वगैरे नाव असतं. ते ऑलवेज ऑन करा. मग भिंतीवरचं बटण दाबलं आणि वीज आली की कॉम्प्युटर आपोआप चालू. सीपीयूच्या बटणाला हात लावायची गरजच नाही, वाकणं नाही. बाबा संध्याकाळी स्वतः बोर्डाचं बटण दाबतीलच ना, ते तर उभ्याने दाबता येतं.

आणि दुसरा फायदा, जर्मनीत मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढेमागे होतं, म्हणजे तुमच्या बहिणीचा साडेसातचा कॉल हिवाळ्यात साडेआठला येणार. बायोसचा अलार्म दर वेळी कोण बदलणार?

तोटा एवढाच की बटण चालू ठेवून झोपले आणि मध्यरात्री लाईट जाऊन आली तर मशीन रात्रीच सुरू होईल.

—

धागाकर्ती:
अरे हे भारी आहे!! लाईटचा प्रश्न नाही, घरभर इन्व्हर्टर आहे, आणि बाबा बटण चालू ठेवून झोपणं शक्य नाही. अलार्म काढून टाकते मग. शेजारच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर घेऊन बायोस करून घेते, हुशार आहे तो. रात्री १० चा शटडाऊन तसाच ठेवू ना?

—

प्रतिसाद:
ठेवा, पण दोन गोष्टी बघा. टास्कच्या सेटिंग्जमध्ये "रन टास्क अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल आफ्टर अ शेड्युल्ड स्टार्ट इज मिस्ड" ला टिक असेल तर काढा. नाहीतर ज्या दिवशी बाबा १० च्या आधीच बंद करतील त्याच्या दुसऱ्या दिवशी बटण दाबल्यावर विंडोजला राहिलेलं काम आठवेल आणि नेमका कॉल चालू असताना शटडाऊनची सूचना येईल. दुसरं, स्लॅश टी ला शून्याहून मोठा आकडा दिला की उघडे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद होतात, सेव्ह करू का वगैरे विचारत नाही. बाबा एक्सेलमध्ये काही हिशोब लिहीत असतील तर गेला. डेस्कटॉपवर शटडाऊन स्लॅश ए चा शॉर्टकट करून द्या, नाव द्या "थांब". सूचना आली की त्यावर डबल क्लिक, शटडाऊन रद्द.

आणि रात्री कॉम्प्युटर पूर्ण बंद झाल्यावरच बोर्डाचं बटण बंद करायचं, हे मात्र नक्की सांगा.

—

धागाकर्ती:
एसी बॅक ऑलवेज ऑन केलं, चालतंय. व्हॉट्सअ‍ॅप स्टार्टअपमध्ये टाकलं, नेटप्लविझमधून (विंडोजचं युझर खात्यांचं सेटिंग) पासवर्ड विचारणं बंद केलं, त्यामुळे बटण दाबलं की थेट व्हॉट्सअ‍ॅप समोर. एवढंच, की बटण बंद करून लगेच परत चालू केलं तर सुरू होत नाही, पंधरा-वीस सेकंद थांबावं लागतं. हे नॉर्मल आहे का?

—

प्रतिसाद:
नॉर्मल. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ वीज राहते, ती उतरेपर्यंत बोर्डाला वीज गेलेली कळतच नाही. आणि जुना बोर्ड रोज रात्री विजेविना राहतो म्हणजे घड्याळ पूर्ण सेलवर, तर पुढच्या खेपेला सीआर२०३२ चा नवा सेल घेऊनच जा. तो संपला तर सेटिंग मूळ पदावर जाईल आणि बाबा परत टेबलाखाली.