हार्डवेअर वॉलेट: २४ शब्दांपाशी अडलो आहे

प्रश्न: नवे हार्डवेअर वॉलेट (बिटकॉइनसारख्या क्रिप्टो चलनाच्या गुप्त किल्ल्या इंटरनेटपासून दूर ठेवणारे छोटे यंत्र) सुरू करताना दाखवलेले २४ शब्द, म्हणजे यंत्र हरवले तरी ते चलन परत मिळवून देणारे शब्द, मी कागदावर उतरवून घेतले, परंतु पडताळणीच्या वेळी यंत्र ते पुन्हा पुन्हा नाकारत आहे. शब्दांचा मोबाइलवर फोटो काढला असता, तर हा त्रास वाचला असता का?

उत्तर १: फोटो मुळीच काढू नये; तो क्लाउडवर गेला की वॉलेट घेण्याचा हेतूच संपतो. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या इंग्रजी यादीतले असून तीत कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरे सारखी नसतात, म्हणून आपले हस्ताक्षर (माझेही असाच दगा देते) त्या यादीशी ताडून पाहावे. क्रमही तपासावा.

उत्तर २: वॉलेटवर अजून काही पाठवले नसेल, तर यंत्र रीसेट करून नवे शब्द घेणे अधिक सोयीचे.

प्रश्नकर्ता: सहावा आणि सातवा शब्द उलट क्रमाने लिहिले गेले होते. आभारी आहे.