बोत्स्वानातले म्हातारे हत्ती आणि शिकारीचे परवाने: तुमचं मत काय?

माळरान
बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहितो. बोत्स्वानात २०१४ ला अध्यक्ष इयान खामांच्या काळात ट्रॉफी हंटिंगवर बंदी आली आणि २०१९ ला त्यांच्यानंतरचे अध्यक्ष मासिसींनी ती उठवली. आता वर्षाला साधारण ३००-४०० हत्तींचे परवाने निघतात. बाहेरचा शिकारी हजारो डॉलर मोजून येतो, हत्ती मारतो आणि सुळे घरी नेतो. याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की देशात १ लाख ३० हजार हत्ती आहेत, त्यातले ४०० गेले तर काय बिघडलं?

माझं म्हणणं असं की प्रश्न किती गेले हा नाहीच, कोण गेले हा आहे. हत्तीचे सुळे आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे शिकाऱ्याला हवा असतो तो म्हातारा नर. आणि आपल्याला वाटतं की म्हातारा नर म्हणजे कळपाबाहेर हाकललेला, निकामी. तसं अजिबात नाहीये. बोत्स्वानातच मकगादिकगादी भागात बोटेटी नदीकडे जाणाऱ्या हत्तींच्या वाटांवर अभ्यास झाला, २०२० ला छापून आला, त्यात दिसलं की नरांचा गट निघाला की पुढे असतो तो वयस्कर आणि तरुण पोरं त्याच्या मागे. पाणी कुठे, धोका कुठे हे त्याला माहीत.

तो नसला की काय होतं ते दक्षिण आफ्रिकेने बघितलंय. क्रुगरच्या अभयारण्यात हत्ती कमी करायचे म्हणून कळपच्या कळप मारले, वाचलेली पिल्लं पिलानेसबर्गच्या अभयारण्यात नेऊन सोडली. ती मोठी झाली, वर मोठं कोणी नाही, वयाच्या खूप आधीच माजावर आली आणि ९० च्या दशकात त्यांनी ४० च्या वर पांढरे गेंडे मारले. १९९८ ला क्रुगरमधून ६ मोठे नर आणून सोडले आणि गेंडे मरायचे थांबले. पोरांचा माज उतरला, बस. मग सांगा, असे नर विकायचे का?

माऊनमुक्कामी
मी कामानिमित्त ४ वर्षं बोत्स्वानातच माऊन गावी होतो, ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या तोंडाशीच, म्हणून लिहितोय. पिलानेसबर्गचं उदाहरण खरं आहे पण तिथे म्हातारे नर शून्य होते. बोत्स्वानात शून्य नाहीत, हा फरक लक्षात घ्या.

दुसरं म्हणजे देश आकाराने महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आणि माणसं २५ लाखांच्या आतबाहेर, म्हणून इथून वाटतं जागाच जागा आहे. पण निम्म्याहून जास्त कलहारीचं कोरडं रान आहे, पाणी उत्तरेला, मग हत्तीही तिथे आणि तिकडची गावंही त्याच पाण्यावर. ओकावांगोच्या वरच्या अंगाच्या पॅनहँडल भागात हत्ती आणि माणसं जवळजवळ सारखीच, पंधरा-सोळा हजार. तिथे मुलं शाळेत जाताना हत्तींची वाट ओलांडतात म्हणून बस सुरू करावी लागली. पहाटे शेतात गेलेला माणूस परत येईलच असं नाही.

बंदीच्या काळात सांकुयोसारख्या गावांचं शिकारीचं उत्पन्न एकदम बंद झालं. सगळीकडे फोटो काढणारे टुरिस्ट येत नाहीत हो, त्यांना नदी लागते, लॉज लागतं, विमानाची पट्टी लागते. काटेरी रानात कोण येणार? तिथे शिकारी येतो. गावाला पैसा मिळतो, मांस मिळतं, आणि त्या रानात गुरं घालण्यापेक्षा हत्ती राहिलेले बरे असं गावाला वाटतं. हे गेलं तर रान जाईल, आणि रान गेलं की तुमचा म्हातारा नर राहणार कुठे?

सांजवात
मला यातलं फार कळत नाही पण २२ महिने पोटात वाढवलेलं एक लेकरू, आणि मेलेल्या हत्तीच्या हाडांपाशी थांबून सोंडेने, पायाने हळूच चाचपणारा प्राणी. केनियात अंबोसेलीला मुद्दाम प्रयोग करून बघितलंय, दुसऱ्या प्राण्यांच्या कवट्या ठेवल्या तरी हत्ती हत्तीच्या कवटीकडेच आणि सुळ्याकडेच जास्त जातात. ज्याचं मुख आपण देव्हाऱ्यात पुजतो त्याला भिंतीवर लावायला मारणं मला पटत नाही, पैसे कितीही मिळोत. पाप ते पाप.

तिलारीकाठ
ताई, राग मानू नका पण लिहितो. माझं घर दोडामार्ग तालुक्यात. २००२ च्या सुमाराला कर्नाटकातून आमच्याकडे पहिले हत्ती उतरले तेव्हा माझ्या आजीने अंगणाच्या कडेला उमटलेल्या पावलाला हळदकुंकू वाहिलं होतं. खरंच वाहिलं होतं. दोन वर्षांनी तीच आजी रात्री डबा बडवत बसायची.

माड धरायला सात-आठ वर्षं जातात. हत्ती तो डोक्याने ढकलून पाडतो, आतला कोंब काढून खातो आणि पुढच्या माडाकडे जातो, एका रात्रीत १५-२० झाडं. केळ तर मोजायचीच नाही. मग पंचनामा, मग फोटो, मग सातबारा जोडा, मग साहेब रजेवर. मागच्या खेपेला भरपाई मिळाली ती लावणीच्या खर्चाला पण पुरली नाही, आणि आठ वर्षांचं काय?

आमच्याकडे शिकार नको, कायद्याने होणारही नाही आणि मी मागतही नाहीये. पण मासिसी २०२४ ला जर्मनीवाल्यांना म्हणाले की २० हजार हत्ती तुम्हाला पाठवतो, राहून बघा, ते वाचून मला वाटलं आपलंच कोणीतरी बोललं. जर्मनी ट्रॉफी आणण्यावर नियम कडक करायचं म्हणत होती म्हणून ते चिडले होते. हत्ती कसे सांभाळायचे हे ज्याच्या दारात हत्ती येतो त्याला विचारा, मग बाकीच्यांनी बोला.

माळरान
तिलारीकाठ, तुमचं दुःख मी खोडत नाही, आणि दारात हत्ती येणाऱ्याला आधी विचारायचं हेही मान्य. पण शिकारीने तुमचा माड वाचतो का, हे बघू.

१ लाख ३० हजारातले ४०० म्हणजे हजारी ३. एवढ्याने संख्या कमी होत नाही. शिकार होते आडरानात, नुकसान होतं शेतात. आणि म्हातारे कमी झाले की तरुण नर जास्त बिथरतात, गाड्यांवर आणि इतर प्राण्यांवर जास्त चालून जातात, हेही त्या मकगादिकगादीच्या पोरांवरच नोंदवलेलं आहे. म्हणजे गावाला पैसे मिळाले पण शेताकडे येणारा हत्ती जास्त बेफाम झाला तर?

आणि मोठे सुळेवाले निवडून मारले की पुढच्या पिढ्यांवर काय होतं त्याचं टोकाचं उदाहरण मोझांबिकचं गोरोंगोसा. १९७७ ते १९९२ यादवी युद्ध चाललं, हस्तिदंतासाठी ९० टक्के हत्ती मारले गेले, आणि सुळे नसलेल्या माद्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ५० च्या वर गेलं. तो गुण नर पिल्लांना बहुतेक जन्माआधीच मारतो. ती चोरटी आणि बेसुमार शिकार होती, परवान्याची नव्हती, कबूल. पण दिशा तीच आहे.

माऊनमुक्कामी
दिशा तीच म्हणून आकडा सोडून देता येत नाही. ९० टक्के कुठे आणि हजारी ३ कुठे! आणि मी कुठे म्हटलं की शिकारीने संख्या कमी होते? ते सरकारवाले बोलतात, मी नाही. माझा मुद्दा पैशाचा आहे. तुम्ही बंदी मागताय, मग सांकुयोच्या माणसाला पर्याय काय देताय ते लिहा ना. केनियाने १९७७ पासून शिकार बंद ठेवलीये, पण त्यांच्याकडे टुरिस्ट खेचणारं मसाई मारा आहे. कोरड्या रानातल्या गावाकडे काय आहे?

एक गोष्ट मात्र मान्य करतो. कुठल्या वयाचा नर मारायचा यावर नीट लक्ष हवं. मी स्वतः बघितलंय, एका गावात गावच्या ट्रस्टच्या म्हाताऱ्या माणसाने शिकारी कंपनीला सांगितलं होतं की तो एक कान फाटलेला नर सोडून बोला, तो गेला तर बाकीचे पोरगे आमच्या विहिरीवर येतील. त्याने कुठलाही अभ्यास वाचला नव्हता.

माळरान
हे तुम्ही आधी का नाही लिहिलंत! माझी पूर्ण पोस्ट त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात सांगितलीये.

ठीक आहे, उद्या सकाळपासून सरसकट बंदी असं मी म्हणणार नाही, गावाचं उत्पन्न एका फटक्यात बंद करणं चूक होतं हे मला पटलं. पण वाटाड्या नर परवान्यातून बाहेर हवेत आणि ते कोणते हे गावाने ठरवायला हवं. पर्याय म्हणाल तर केनियात त्सावोजवळ मधमाश्यांच्या पेट्यांचं कुंपण केलंय, तारेला हत्तीचा धक्का लागला की पेट्या हलतात, माश्या उठतात आणि हत्ती मागे फिरतो. पीक भरात असताना ८६ टक्क्यांपर्यंत हत्ती परत गेले असं ९ वर्षांच्या नोंदीत दिसलं. मधही मिळतो. दुष्काळात पेट्या ओस पडतात ही अडचण आहे.

तिलारीकाठ, तुमच्याकडे कोणी करून बघितलंय का?

तिलारीकाठ
कोडगूला २०२१ ला खादी ग्रामोद्योगवाल्यांनी पेट्या लावल्याचं वाचलंय. आमच्याकडची सातेरी माशी मवाळ आहे हो, आफ्रिकेतल्यासारखी अंगावर नाही येत, आणि आमच्या पावसात पेटी टिकवणं म्हणजे तान्ह्या पोरासारखं जपावं लागतं. तरी शेजारच्या काकांकडे ५ पेट्या आहेत. हत्ती येतो त्या नाल्याच्या तोंडाला लावून बघू म्हणाले, आधी माकडांपासून वाचल्या पाहिजेत.

माऊनवाल्या दादांना एक विचारायचं होतं, तिकडे मिरचीचा धूर करतात म्हणे, शेणात कालवून. त्याचं माप कसं घेतात? आज राखणीची पाळी माझी आहे, रात्री जागाच असेन, लिहून ठेवा.

माऊनमुक्कामी
ठरलेलं माप नाही बघितलं मी. हत्तीचं नाहीतर गुरांचं शेण, त्यात कुटलेली सुकी मिरची चांगली सढळ हाताने, विटा थापून उन्हात वाळवायच्या आणि संध्याकाळी वारा बघून शेताच्या बाहेरच्या बाजूला पेटवायच्या. भडका नको, नुसती धुमसली पाहिजे. वारा तुमच्या घराकडे फिरला तर डोळे जातील, पोरांना आत ठेवा.