शब्दचर्चा : तरंगलांबी ही नेमकी कशाची लांबी?

प्रश्न : 'तरंगलांबी' म्हणजे लाट जिथून निघाली तिथपासून जिथे पोहोचली तिथपर्यंतचं अंतर, असा मुलीचा समज झालाय. शब्दावरून तसंच वाटतं खरं. 'तरंगदैर्घ्य' वेगळं असतं का? आणि 'आमची वेव्हलेंग्थ जुळते' याला मराठीत काय म्हणावं?

उत्तर : दैर्घ्य म्हणजे लांबीच, त्यामुळे दोन्ही शब्द एकच. मराठी पाठ्यपुस्तकांत तरंगलांबी रुळलाय, तोच वापरावा. ही लांबी एका आवर्तनाची, म्हणजे लाटेच्या एका पूर्ण चढउताराची असते. पाण्यावर एका शृंगापासून (लाटेच्या माथ्यापासून) लगतच्या शृंगापर्यंत, ध्वनीत एका संपीडनापासून (हवा दाटते त्या जागेपासून) पुढच्या संपीडनापर्यंत. लाट किती दूर गेली याचा तिच्याशी संबंध नाही. वेग भागिले वारंवारता (सेकंदाला होणारी आवर्तनं, हर्ट्झमध्ये) केलं की ती मिळते : हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर ३४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी १ मीटर.

आणखी एक : यात एक गोष्ट जोडायलाच हवी. वारंवारता उगमावर ठरते, तरंगलांबी मात्र माध्यमानुसार बदलते. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश पाण्यात शिरला की त्याची तरंगलांबी सुमारे ४९० नॅनोमीटर होते, तरी पाण्यात डोळे उघडले तर तो तांबडाच दिसतो, कारण वारंवारता तीच राहते. म्हणून 'तरंगलांबी म्हणजे रंग' हे वाक्य मुलांना 'निर्वातात' किंवा 'हवेत' हा शब्द जोडूनच सांगावं.

वेव्हलेंग्थ जुळण्याबद्दल : 'सूर जुळणे' असताना 'तरंगलांबी जुळते' कशाला? इंग्रजी वाक्प्रयोग रेडिओवरून आला : पूर्वी रेडिओच्या तबकडीवर केंद्राच्या तरंगलांबीचे, म्हणजे मीटरचे आकडे असत आणि काटा त्यावर जुळवावा लागे. पुणे आकाशवाणीचे ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे ३७९ मीटर.

मुलीसाठी : तिला नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण दाखवा. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, पण पृष्ठभाग अखंड पत्र्याचा नाही, तारांच्या जाळीचा आहे. भोकं एक-दोन सेंटिमीटरची. दुर्बीण आकाशातून टिपते त्या रेडिओ लहरी साधारण २१ सेंटिमीटर ते २ मीटर तरंगलांबीच्या, त्यांच्या दृष्टीने ही जाळी भिंतीसारखी भरीव. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणून तो भोकांतून थेट आरपार जातो आणि तबकडीतून पलीकडचं आकाश दिसतं. वाराही आरपार जातो, त्यामुळे एवढ्या मोठ्या तबकडीवर त्याचा भार कमी पडतो आणि सांगाडा हलका ठेवता येतो.