खणाचे ६० पाऊच शिवायचेत, चेनच्या कोपऱ्यात गोळा होतोय

शिवाजी पेठेतून:
नमस्कार. मी घरी ब्लाउज आणि फॉल-पिको करते, बारा वर्षं झाली. पिशव्यांची मोठी ऑर्डर मात्र पहिल्यांदाच घेतलीय. गल्लीतल्या एका काकूंना हळदीकुंकवाच्या वाणासाठी खणाचे चेनवाले पाऊच हवेत, ६० नग. माप ८ बाय ५ इंच, आत सुती अस्तर. रथसप्तमीच्या आत द्यायचेत.

तीन नमुने शिवले आणि तिन्ही उसवले. चेन सरळ बसते, पण बाजूची शिलाई मारली की चेनच्या दोन्ही टोकांशी कापडाचा गोळा होतो. सुलट केल्यावर कोपरा बाहेर येतच नाही, आत दबून राहतो. एकदा तर सुई चेनच्या टोकावरच्या पत्र्याच्या क्लिपवर पडून तुटली. त्यात खणाचे धागे सुटतात ते वेगळंच.

वाण आहे म्हणून कसंही शिवून द्यायचं, हे मला पटत नाही. बायका ते पर्समध्ये ठेवणार, दिवसातनं दहादा उघडणार. काकूंनी खण स्वतः निवडलाय, गुळेदगुड्डचा, काठ दर्शनी बाजूला यावा म्हणाल्यात. कापड वाया घालवायची हिंमत होत नाही. कुणी केलं असेल तर सांगा.

इचलकरंजीहून:
ताई, तुमची चेन बाजूच्या शिलाईत जातेय, गोळा त्याचाच आहे. खण, अस्तर, चेन आणि परत तेच सगळं, एवढे थर एका कोपऱ्यात कसे मावणार? चेन कापडाएवढी कापूच नका. शिलाईसकट तुमचा तुकडा ९ इंच होतो ना, चेन ७ इंचच घ्या आणि दोन्ही टोकांना अस्तराच्या कापडाची दुमडलेली पट्टी जोडून ९ इंच करा. बाजूच्या शिलाईत फक्त ती पट्टी जाईल, सुईला चेन लागणारच नाही.

तयार चेन घेऊ नका, पाच नंबरची रोलची घ्या, रनर, म्हणजे चेन उघडताना-लावताना सरकतो तो भाग, सुटे मिळतात. ६० नगांना ७ इंचाप्रमाणे ४२० इंच, म्हणजे पावणेअकरा मीटर झाली. १२ मीटर आणा. रनरही पाच नंबरचाच घ्या, तीन नंबरचा चढणार नाही.

रनर चढवायला मी जेवणाचा काटा वापरते. काट्याच्या दातांत रनर घट्ट बसवायचा, दोन तोंडांची बाजू आपल्याकडे. चेनचे दोन्ही पदर एकेका तोंडात एकदमच सारायचे आणि सारख्या जोरानं ओढायचे. एक पदर पुढं गेला की चेन वाकडी बंद होते, मग काढून परत चढवायची. चढल्यावरच टोकांना पट्ट्या लावा.

आणि शेवटची शिलाई मारण्याआधी चेन अर्धी उघडी ठेवा. विसरलात तर पाऊच सुलट करायला वाटच राहत नाही.

राजारामपुरीतून:
खणाला मागून फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं पातळ कापड, लावून मगच कापा, धागे सुटायचे थांबतात. इस्त्री मंद ठेवा, वर सुती फडकं घाला. खणात कृत्रिम रेशीम असलं तर थेट इस्त्रीनं चकाकी येते आणि तो डाग जात नाही. अस्तर आधी धुऊन वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून पाऊच चुरगळतो.

एकेक पाऊच पुरा करत बसू नका. आधी सगळे १२० तुकडे, मग सगळ्या चेनी, मग सगळ्या बाजू. दोरा न तोडता एकामागून एक घालत जायचं, शेवटी माळ कापायची. सुई १६ नंबर, दोरा पॉलिस्टरचा.

शिवाजी पेठेतून:
दोघींचे मनापासून आभार. काल महाद्वार रोडवरून रोलची चेन आणली आणि रात्री एक नमुना पट्टी लावून शिवला. कोपरा असा निघाला की मी बोट घालून चारदा बघितलं. काटा पहिल्यांदा निसटत होता, मग पाटाच्या फटीत दांडा रोवला, तेव्हा दोन्ही हात मोकळे झाले.

काठाचंही जमलं. काठ चेनच्या कडेला घेतला तर अर्धा शिलाईत जात होता, म्हणून तळाकडं अर्धा इंच सोडून घेतलाय. सकाळी काकूंना दाखवला. त्यांनी चेन उघडली, लावली, परत उघडली आणि म्हणाल्या, "असेच कर सगळे." आज फ्यूजिंग लावायला बसलेय.